लाल दिवा, ब्रेक ऑइल आणि हातच्याची वजाबाकी



आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. आमच्या इलेक्ट्रिक गाडीचं ब्रेक ऑइल गळत होतं. ती गळती कशी सापडली आणि कशी दुरुस्त झाली, ते सांगणार आहे. शिक्षणाच्या पानावर गॅरेज कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. त्या दुरुस्तीनंतर मला माझ्या वर्गातली एक चूक सापडली आणि तिचं मूळ माझ्याच शिकवण्यात होतं.

साताऱ्याहून शाळेपर्यंत रोजचं जाणं-येणं, पेट्रोल परवडेना, म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. घेताना जो तो एकच सांगायचा, "मॅडम, इलेक्ट्रिकला ऑइलची कटकट नाही." इंजिन नाही म्हणजे इंजिन ऑइल नाही, हे खरंच. पण मी त्याचा अर्थ 'कुठलंच ऑइल नाही' असा घेतला आणि चार वर्षं निर्धास्त राहिले.

जुलैत एके दिवशी शाळेत जाताना वळणावर डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकला. गोलात उद्गारचिन्ह असलेला. सरळ रस्ता लागला तसा विझला. हँडब्रेक नीट खाली गेला नसेल असं वाटलं, कारण त्यालाही तोच दिवा लागतो. दोन दिवसांनी परत तेच. मग बॉनेट उघडून पाहिलं. ब्रेक ऑइलची छोटी पांढरट टाकी असते, तिच्यावर वर मॅक्स आणि खाली मिन अशा दोन रेघा असतात. पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती. वळणावर ऑइल एका बाजूला कलंडायचं, म्हणून दिवा तेवढ्यापुरता लागायचा.

झाकणावर 'डॉट ४' लिहिलं होतं. तोच डबा दुकानातून आणला, वरच्या रेघेपर्यंत भरलं. थोडं बाहेर सांडलं, ते फडक्यानं पुसलं. दिवा गेला. घरी येऊन मिस्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "गाडी मी दुरुस्त केली."

सप्टेंबरात दिवा पुन्हा लागला. पुन्हा भरलं. दिवाळीच्या सुट्टीआधी तिसऱ्यांदा भरलं. एकदाही मनात आलं नाही की हे ऑइल जातंय कुठं? ब्रेकची यंत्रणा बंद असते. बाटलीतलं पाणी पिऊन संपतं तसं ते संपत नाही. तीनदा भरावं लागलं, म्हणजे तेवढं कुठून तरी बाहेर गेलं. चौथीचा मुलगाही हे गणित सोडवेल. मी सोडवलं नाही, कारण दिवा विझत होता.

घाटात काय झालं

भाऊबीज झाल्यावर आम्ही पाचगणीला नणंदेकडे राहायला गेलो. तिच्या पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचा प्लग आहे. रात्रभर गाडी लावली, सकाळी बॅटरी शंभर टक्के. मुलं मागे बसवली, आणि पसरणी घाटाने वाईकडे उतरायला लागलो.

इथं इलेक्ट्रिक गाडीची एक गोष्ट सांगायला हवी. अशा गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनित्रासारखी काम करू लागते. गाडीचा वेग कमी होतो आणि त्यातून तयार होणारी वीज बॅटरीत जाते. याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं 'रिजन'. रोजच्या रस्त्यावर निम्म्याहून जास्त थांबणं या रिजनवरच भागतं. मूळ ब्रेकवर, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकवर, फारसा भार येतच नाही. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तयार झालेली वीज ठेवायची कुठं? मग गाडी रिजन कमी करते किंवा बंदच करते. वेग आवरायचं सगळं काम मूळ ब्रेकवर येतं.

त्या सकाळी तेच झालं. पाय उचलला तरी गाडी आवरेना. ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, मऊ मऊ लागलं, ओल्या स्पंजावर पाय ठेवल्यासारखं. ब्रेक लागला, पण उशिरा. पुढच्या वळणावर पेडल आणखी खोल. माझ्या पोटात गोळा आला. मागे मुलं अंताक्षरी खेळत होती.

कड्याच्या बाजूला थोडी रुंद जागा दिसली. हळूहळू गाडी तिथं घेतली, उभी केली, हँडब्रेक ओढला. मिस्टरांनी उतरून चाकांपुढे दगड लावले. ते बरं केलं हे नंतर कळलं, कारण आमच्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो आणि बिघाड तिथंच होता.

गाडी थांबली तरी कशी, हेही सांगते. गाडीत ब्रेकच्या ऑइलचे दोन वेगळे मार्ग केलेले असतात. एकात गळती झाली तरी दुसरा दोन चाकांना धरून ठेवतो. ज्यांनी हे पहिल्यांदा सुचवलं त्यांना त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला.

गॅरेजमधले प्रश्न

इलेक्ट्रिक गाडी दोरी बांधून ओढत न्यायची नसते. चाकं फिरली की मोटर फिरते, मोटर फिरली की वीज तयार होते आणि आतलं काही बिघडू शकतं. म्हणून चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड मागवली आणि गाडी साताऱ्याला ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांकडे नेली.

काकांनी हातात पाना घेतला नाही. आधी विचारलं, "दिवा पहिल्यांदा कधी लागला? किती वेळा भरलं? दर वेळी साधारण किती? गाडी एका बाजूला ओढते का? पेडल एकदम खोल गेलं की हळूहळू?"

मी म्हटलं, "काका, बॉनेटखाली टाकीजवळच ओलं आहे, तिथूनच गळत असेल."

ते म्हणाले, "तुम्ही भरताना सांडलं होतं का?"

"थोडंसं."

"मग आधी तुम्ही सांडलेलं आणि गाडीनं सांडलेलं वेगळं करू." त्यांनी ती जागा पाण्यानं धुऊन कोरडी केली. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, त्यामुळे धुऊन जातं. ते रंगही खातं, माझ्या फडक्यानं पुसलेल्या जागेवरचा रंग खरोखरच सुटला होता. मग गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरला आणि मला आत बसून पेडल दाबायला सांगितलं. टाकीजवळ पुन्हा ओल आली नाही. पुढच्या बाजूला पुठ्ठा कोरडाच राहिला.

मग त्यांनी पुढची चाकं काढून पॅड दाखवले. "हे बघा मॅडम. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि टाकीतली पातळी थोडी खाली जाते. ते नॉर्मल आहे. पण तुमचे पॅड चार वर्षांनी पण जाड आहेत, रिजनमुळे झिजलेच नाहीत. पॅड झिजले नाहीत आणि ऑइल कमी झालंय, म्हणजे शंभर टक्के गळती."

हा त्यांचा तर्क मला फार आवडला. पेट्रोल गाडीत पातळी उतरण्याला एक निरुपद्रवी कारण असू शकतं. इलेक्ट्रिकमध्ये ते कारण जवळपास उरत नाही. म्हणजे इलेक्ट्रिकवाल्यांनी जास्त लवकर सावध व्हायला हवं, आणि आपण नेमके जास्त निर्धास्त असतो.

गाडी वर उचलून त्यांनी टाकीपासून प्रत्येक चाकापर्यंत नळी हातानं चाचपत नेली. मधले जोड कोरडे. रबरी होज कोरडे. नारिंगी वायरींना मात्र हात लावला नाही. त्या मोठ्या दाबाच्या विजेच्या असतात, एवढं त्यांनी मला बजावलं. शेवटी मागच्या डाव्या चाकाशी आले. टायरच्या आतल्या बाजूला एक काळपट ओघळ होता. बोटावर घेतला तर पातळ आणि निसरडा. पाण्याच्या वाटीत बोट बुडवलं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल असतं तर वर तरंगलं असतं. ते मिसळून गेलं.

ड्रम काढला. आत चाकाचा सिलिंडर असतो, बोटाएवढा. त्यात ऑइलच्या दाबानं दोन पिस्टन बाहेर सरकतात आणि ब्रेक शूज ड्रमवर दाबतात. पिस्टनच्या टोकाला धूळ जाऊ नये म्हणून रबराची टोपी असते. काकांनी ती स्क्रूड्रायव्हरनं जरा उचलली, आणि आत साठलेलं ऑइल भळकन बाहेर आलं. सगळी गळती त्या टोपीत आणि ड्रममध्ये जिरत होती. जमिनीवर थेंब पडतच नव्हता, मला दिसणार कसा?

कारणही तिथंच दिसलं. सिलिंडरच्या आत गंजाचे बारीक खड्डे पडले होते, आणि त्यावर घासून आतलं रबर फाटलं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलेलं असताना ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. म्हणजे घाटात ब्रेक तापले की ऑइल उकळून वाफ होण्याचा धोका वाढतो. आणि तेच पाणी आतून गंजही चढवतं. म्हणूनच हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आमच्या गाडीच्या पुस्तिकेतही ते होतं. आम्ही चार वर्षांत एकदाही बदललं नव्हतं. शिवाय रिजनमुळे मागचे ब्रेक फारसे वापरातच नव्हते. न वापरलेला भाग जपला जातो असं आपल्याला वाटतं, इथं तो गंजला होता.

दुरुस्ती

डावा सिलिंडर बदललाच, उजवा उघडून पाहिला तर त्यातही गंज, म्हणून तोही बदलला. ऑइलनं भिजलेले शूज कितीही पुसले तरी भरवशाचे राहत नाहीत. दोन्ही बाजूंचा ब्रेक सारखा लागायला हवा, म्हणून दोन्ही चाकांचे शूज नवे टाकले. ड्रम ब्रेक क्लीनरनं धुतले. जुनं ऑइल सगळं काढलं. ते चहासारखं झालं होतं, नव्या डब्यातलं फिकट पिवळं. माझा दिवाळीआधी उघडलेला अर्धा डबा काकांनी बाजूला ठेवला. उघडा डबाही ओलावा ओढतो.

मग हवा काढायचं काम. काही इलेक्ट्रिक गाड्यांत यासाठी कॉम्प्युटर जोडावा लागतो. आमच्या मॉडेलला लागत नाही, हे काकांनी आधी पाहून घेतलं. मी आत बसले, काका चाकापाशी. "दाबा... धरून ठेवा..." ते निपल सैल करायचे, नळीतून बुडबुडे आणि ऑइल यायचं, पेडल खाली जायचं. निपल घट्ट केला की, "सोडा." एकेका चाकाला बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मध्ये मी एकदा घाईनं सोडलं तर ओरडले, "मॅडम, मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही! परत हवा आत गेली." अर्ध्या तासानं पेडल पायाखाली घट्ट लागलं.

शेवटी त्यांनी टाकीवर मार्करनं पातळीची रेघ मारली आणि म्हणाले, "आठ दिवसांनी बघा, मग महिन्यानं बघा. रेघ हलली तर भरायचं नाही. माझ्याकडे यायचं."

सुट्टीनंतर हा प्रयोग मी वर्गात केला. तुम्हीही करून पाहा. सुई नसलेल्या दोन सिरिंज आणि त्यांना जोडणारी प्लास्टिकची नळी. सगळीकडे पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच सरकतो. आता नळीत मुद्दाम थोडी हवा राहू द्या आणि पुन्हा दाबा. दुसरा उशिरा आणि कमी सरकतो. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. बंद द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात फ्रान्सच्या पास्कलनं सांगितलं. चौथीच्या मुलांना नियमाचं नाव सांगायची गरज नाही, बोटांना फरक कळतो.

आणि वर्गातली गळती

आता मूळ मुद्दा. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. शांत, नीटनेटकी, अक्षर सुंदर. वजाबाकीत तिचं कधी बरोबर, कधी चूक. चूक आली की मी जवळ जाऊन म्हणायचे, "अगं, हातचा विसरलीस." ती खोडून बरोबर करायची. आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "बाई, घरी तर सगळी बरोबर करते. मी शेजारी बसलेली असते ना." मी आणखी दहा गणितं दिली. थोडे दिवस बरं चाललं, परत तेच.

गॅरेजमधून आल्यावर हे आठवलं आणि मी चपापले. दिवा लागला की भर, विझला की पुढे चल. मी आणि तिची आई, दोघी मिळून हेच करत होतो.

एका दुपारी तिला जवळ बसवलं. कोरा कागद दिला. वहीत माझ्या लाल शाईच्या खुणा इतक्या होत्या, की तिचं काय आणि माझं काय हे वेगळं करणं अवघड होतं. ४०२ वजा १७८ दिलं आणि म्हटलं, "मला काही सांगायचं नाही, तूच मोठ्यानं बोलत कर."

ती म्हणाली, "दोन आणि आठ. आठातून दोन गेले, सहा. शून्य आणि सात. सातातून शून्य गेलं, सात. चारातून एक, तीन. तीनशे शहात्तर."

"आठातून दोन का गं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच विसरले होते. "बाई, तुम्हीच सांगितलंय ना, मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची."

सांगितलं होतं. दुसरीत. तेव्हाही हा वर्ग माझ्याकडेच होता. पूर्ण संख्येबद्दल सांगितलं होतं, तिनं ते एकेका अंकाला लावलं. ज्या गणितात हातचा लागत नाही तिथं हा नियम दर वेळी बरोबर उत्तर देतो. म्हणून दोन वर्षं ते कुणाला कळलं नाही, मलाही नाही. शेजारी आई असली की "हातचा घे" असं कानावर यायचं आणि ते भागून जायचं. शून्याचं गणित एकटीनं सोडवायची वेळ आली की गाडी घाटात.

दुरुस्तीला काड्या घेतल्या. शंभराचे चार गठ्ठे, सुट्या दोन काड्या, दशकाची जागा रिकामी. "यातून आठ सुट्या काड्या मला दे." ती दोन काड्यांकडे बघत बसली. मग स्वतःच म्हणाली, "गठ्ठा सोडू का?" शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा दशक झाले, त्यातला एक दशक सोडून दहा सुट्या. आता तीन शतक, नऊ दशक, बारा सुट्या. त्यातून एक, सात, आठ काढले. राहिले दोनशे चोवीस. तिनं ते दोनदा मोजलं. मी मध्ये बोलले नाही. बोलायची सवय इतकी होती की ओठ दाबून बसावं लागलं.

मग बाकी वर्गालाही तसंच एकेकाला बोलत करायला लावलं. आणखी तीन मुलांकडे तोच नियम निघाला. एक सिलिंडर गेला की दुसरा उघडून बघायचा असतो, ते काकांचं बरोबरच होतं. 'मोठ्यातून लहान' हे वाक्य मी आता वापरत नाही. 'किती आहेत, त्यातून किती काढायचे' असं म्हणते.

पालकांना एवढंच सांगेन: मूल चुकलं की लगेच बरोबर उत्तर सांगू नका. "तू हे कसं केलंस, मला सांग" असं म्हणा आणि ऐकून घ्या. शेजारी बसून करवून घेतलेला अभ्यास वाईट नाही, पण आठवड्यातून एकदा उठून बाहेर जा आणि ते एकटं काय करतं ते नंतर बघा. शिक्षकांनी तीच चूक तिसऱ्यांदा आली की जास्तीची गणितं देऊ नयेत, आधी शोधावं. आणि शोधताना आपण स्वतः काय सांडलं आहे, तेही बघावं.

इलेक्ट्रिक गाडी असलेल्यांनी आज बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. शेवटचं कधी बदललं ते पुस्तिकेत तपासा. भरल्यावर पुन्हा उतरली तर गाडी चालवू नका, दाखवून घ्या. आणि घाट उतरायचा असेल तर बॅटरी काठोकाठ भरू नका.

आमच्या टाकीवरची काकांची रेघ महिना झाला, जिथल्या तिथं आहे. त्या मुलीला मी दर सोमवारी शून्याचं एकच गणित देते आणि लांब उभी राहते. मागच्या सोमवारी तिचं चुकलं. पण या वेळी तिनं स्वतःच येऊन सांगितलं, "बाई, मी दशक सोडला आणि त्यातला एक कमी करायला विसरले."

तुमच्या वर्गात किंवा घरी अशी एखादी लपलेली गळती सापडली असेल, तर नक्की कळवा.